आपला विश्वासू

परंड्याच्या एका शाळेत देवश्री बारा वर्षं क्लार्क होती. गेले दोन महिने ती रोज सकाळी मनातल्या मनात नोकरी सोडायची आणि अकराच्या घंटेला पुन्हा धरायची. कायद्याच्या प्रवेश परीक्षेत तिला चांगले गुण पडले होते, धाराशिवच्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं होतं आणि प्रवेशाला चारच दिवस उरले होते. नवरा रुद्रेश ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचा. तो "तू म्हणशील तसं" एवढंच म्हणायचा, त्यामुळं भांडायलाही घरात कुणी नव्हतं.

सोमवारी दुपारी तिला एक युक्ती सुचली. राजीनामा नुसता छापून बघायचा. बघून पोटात गोळा आला तर नोकरी, नाही आला तर कॉलेज. तिनं संगणकातला कुणाचा तरी जुना अर्ज उघडला. 'वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे' एवढं एकच वाक्य टाकलं. खालचं 'आपला विश्वासू' तसंच राहिलं. नाव नाही, तारीख नाही. कागद बाहेर आला तेवढ्यात खिडकीवर दाखल्यासाठी दोन पालक भांडायला लागले. ती त्यांना गप्प करून परत आली तर टेबल साफ होतं. शिपाई धोंडीबानं सहीच्या कागदांची सगळी चळत, तिच्या अर्जासकट, मुख्याध्यापकांकडं नेली होती.

रामकिसन सर चळतीतलं काही वाचत नसत. धोंडीबा बोट ठेवेल तिथं सही करत आणि सहीखाली धोंडीबा 'मुख्याध्यापक' असा शिक्का हाणत असे. देवश्री धावत पोचली तोवर धोंडीबा टपाल घेऊन संस्थेच्या अध्यक्षांकडं निघूनही गेला होता.

अध्यक्ष अमरसिंह यांनी मात्र तो कागद वाचला. दोनदा वाचला. त्यांचा मेव्हणा चार वर्षं हेडमास्तर व्हायला टपून बसला होता.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपताच ते हार, शाल आणि नारळ घेऊन स्टाफरूममध्ये हजर झाले.

"सर, उभं ऱ्हावा. सत्कार हाय तुमचा."

"माझा?" रामकिसन सरांचा चेहरा उजळला. जिल्ह्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार आपल्यालाच मिळणार, अशी त्यांची तीन वर्षांपासून खात्री होती. गळ्यात हार पडताच ते सुरू झाले. "हा दिवस कधी ना कधी उगवणार, हे मला ठाऊक होतं. उशीर झाला, पण संस्थेला जाग आली!"

"व्हय व्हय," अमरसिंह खूश होऊन म्हणाले, "म्या लगीच मंजूर केला बघा तुमचा राजीनामा."

सरांच्या हातातला नारळ खाली पडला. देवश्रीच्या पोटात गोळा आला, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"मी कशाला राजीनामा देऊ? निवृत्तीला चार वर्षं आहेत माझ्या!"

"मंग ही सही कुनाची?"

"माझीच. पण मी वाचलं नव्हतं."

"हेडमास्तर न वाचता सही करत्यात? लिहून द्या तसं!"

सर बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि गळ्यातल्या झेंडूवर टपकायला लागला. खरं सांगावं तर आपली नोकरी जाते, न सांगावं तर सरांची, हे देवश्रीला स्पष्ट दिसत होतं. ती उठली.

"साहेब, हा राजीनामा चालत नाही."

"का बरं?"

"यावर तारीख नाही. खासगी शाळांच्या कायद्यात राजीनामा दोन प्रतींत करायचा, दोन्हींवर सही नि तारीख घालायची, नि एक प्रत रजिस्टर पोस्टानं पाठवायची असं आहे. हा तर धोंडीबानं आणलाय, मोटरसायकलवरनं."

अमरसिंहांनी धोंडीबाकडं पाहिलं. धोंडीबानं छताकडं पाहिलं.

"आन् दुसरं," देवश्री म्हणाली, "हा सरांचा नाहीच. मी छापलावता. माझ्यासाठी."

"असं व्हय! मंग तुमचा मंजूर करतो. कागूद तुमचा तर राजीनामा बी तुमचाच."

"यावर माझी सही कुठंय?"

अमरसिंहांनी कागद उलटा केला, सुलटा केला. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. अमरसिंह हातातली शाल तिथंच टाकून बाहेर पडले आणि जाताना दारातून म्हणाले, "बाई, जरा भाईर या."

आता खरंच गेली, असं समजून देवश्री बाहेर गेली. अमरसिंहांनी आजूबाजूला पाहून आवाज बारीक केला.

"भावकीत बांधाचा वाद हाय आमचा. अकरा वर्षं झाली, वकील नुसता तारखा घिऊन येतोय. तुमच्यावानी एक बी बोलला न्हाय. तुमी वकील कवा व्हनार?"

"तीन वर्षं लागतात. पण साहेब, नोकरी सोडायचं अजून ठरलं नाही माझं."

"ठरवा की! अकरा थांबलो, अजून तीन थांबतो. पर दुसऱ्या कुनाची केस घ्यायची न्हाय आधी."

देवश्रीला हसू फुटलं. दोन महिने ती ज्या प्रश्नाभोवती फिरत होती, त्याचं उत्तर तिनं आत त्या खोलीत उभं राहून कधीच दिलं होतं. तिनं नवा अर्ज काढला, 'आपली विश्वासू' केलं, तारीख घातली, दोन्ही प्रतींवर सही केली. अमरसिंहांनी तिला आपल्या जीपमधून पोस्टात नेलं आणि ते रांगेत तिच्या मागं उभे राहिले.

पोस्टातल्या बाईंनी पाकिटावरचा पत्ता वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "अध्यक्ष साहेबांना? ते तर हितंच उभे हायत की. देऊन टाका हातात!"

"आवो न्हाय न्हाय!" अमरसिंह दोन पावलं मागं सरकले. "कायद्यानं येऊ द्या त्ये. म्या घरी जाऊन वाट बघतो."

आणि ते खरोखरच जीप काढून निघून गेले. देवश्री चालत परत आली.