पर्मनंट जावई

कोणत्याही भागाचा आर्थिक विकास शिक्षण, कौशल्य आणि व्यापार या तीन खांबांवर उभा असतो, याबद्दल चोपडा तालुक्यात दुमत नाही. मुलगी कुणाला द्यायची, याबद्दलही नाही. अडचण एवढीच, की ही दोन एकमतं एकमेकांना ओळखत नाहीत.

सुयश या दोन्हींच्या मधे सापडला होता. तो इंजिनीअर. पुण्यातल्या कंपनीत चांगला रुळलेला. आपल्याकडची केळी ट्रकात बसून परमुलखी जाते आणि वेफर्स होऊन छापील पाकिटातून परत येते, हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं आणि तो राजीनामा देऊन गावी आला. केळीच्या वेफर्सचा कारखाना काढला. सुरतेला, इंदूरला माल जाऊ लागला. गावातल्या बायकांना बारमाही काम मिळालं. म्हणजे शिक्षण झालं, कौशल्य झालं, व्यापार झाला. लग्न तेवढं होईना.

वडील रुपचंद नाना स्थळं घेऊन हिंडत. समोरचा विचारी, "पोऱ्या काय करस?"

"वेफर्सना कारखाना शे."

"ते बठ्ठं ठीक शे. पन नोकरी शे का?"

पुण्याची नोकरी सोडली हे कळल्यावर लोक आवाज खाली आणून विचारत, "काढी टाकं का त्याले?"

याच सुमारास विभागीय विकास विचार मंचाने सुयशचा सत्कार केला. (शाल, श्रीफळ आणि सुयशच्याच वेफर्सचं पाकीट.) अध्यक्ष झुलाल आबा गहिवरून म्हणाले, "तरुणांनो, नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा!" मंचाच्या पाहणीनुसार तालुक्यातले शंभर टक्के वडील उद्योगाच्या बाजूने आहेत. मुलगी देण्याच्या वेळी ही टक्केवारी किंचित, म्हणजे शून्यापर्यंत, घसरते.

आबांची मुलगी भूमिका एम.कॉम. होती. (चांगलं स्थळ मिळावं म्हणून. शिक्षणाचा विकासाशी असलेला थेट संबंध तो हाच.) नानांनी व्यासपीठामागेच विषय काढला. आबा डोळे पुसून म्हणाले, "नाना, भाषन येगळं, पोरगी येगळी."

त्या संध्याकाळी नाना धड जेवले नाहीत. हात धुता धुता मात्र एकदम म्हणाले, "कारखाना मायना नावे कर, अन तू तठे नोकरीले लाग."

सुयश हसला. मग हसायचं थांबला. आई कलाबाई मालकीण झाल्या आणि तो सहाय्यक व्यवस्थापक. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, रविवारी सुट्टी. काम तेच, खुर्ची तीच. फक्त तिच्यावर आता तो भीत भीत बसू लागला. सुयशचा धंदा सुटला, तो नोकरीला लागला, एवढंच तालुक्यात पसरलं आणि महिन्याभरात साक्रीपासून मुक्ताईनगरपर्यंतची स्थळं दारात आली. आबा स्वतः आले. "कंपनी कशी शे?" त्यांनी विचारलं. नाना छाती पुढे काढून म्हणाले, "पर्मनंट!"

पाहण्याच्या दिवशी दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. भूमिकाने ओळखपत्र निरखून पाहिलं.

"तुमचे साहेब कसे आहेत?"

"साहेब नाहीत, मॅडम आहेत."

"कडक?"

"तशा कडकच. पण डबा स्वतः भरून देतात."

भूमिका गालात हसली. "तुमच्या पाकिटावर तक्रारीचा नंबर असतो. मीठ जास्त पडलं म्हणून मागे मी फोन केला होता. 'मी मालक बोलतोय, चुकलं आमचं,' असं कुणीतरी म्हणालं आणि दुसऱ्या दिवशी नवं पाकीट घरी आलं. तुमचाच आवाज होता."

सुयशने ओळखपत्र शर्टाच्या खिशात सरकवलं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती. "आबांना सांगणार?" त्याने कसंबसं विचारलं.

"कशाला? मला चुकलं म्हणणारा मालक मिळतोय. त्यांना नोकरदार मिळतोय. दोघांचं समाधान होतंय की." जिना उतरता उतरता ती थांबली. "मला मात्र तिथे हिशेबाचं आणि बाहेरगावी माल धाडायचं काम हवं. घरात सांगू, सुनेलाही नोकरी लागली."

लग्न थाटात झालं. हल्ली भूमिका सुरत, इंदूर सोडून पार दिल्लीपर्यंत माल धाडते आणि कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाली आहे. झुलाल आबा जावयाचं उदाहरण देत गावोगाव सांगतात, की चिकाटी असली तर आपल्या तालुक्यातही चांगली नोकरी लागते.

वाचकहो, आबांना खुशाल हसा. फक्त एक सांगा. सुयशला पगार किती, हे आम्ही कुठेही लिहिलेलं नाही. ते तुम्ही कितव्या ओळीपासून शोधत होतात?