लिंडसेची अवदसा

लिंडसे ट्रेगरने सकाळच्या चहाचा पहिला घोट घेतला आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या गाडीचा रोजच्यासारखा उद्धार केला. "अवदसा आहे नुसती. कुठे जरा थांबवली की हुडहुडी भरल्यासारखी थडथडते. एक दिवस नेऊन भंगारात टाकतो की नाही बघ."

त्याची बायको रोनवेन पावाला लोणी लावत होती. ती म्हणाली, "भंगारात कशाला? मी विकायची जाहिरात दिलीय. शनिवारी एक बाई बघायला येणार आहे."

लिंडसेने कप खाली ठेवला.

टल्लाबी गावात गव्हाखालोखाल जर काही पिकत असेल तर ते म्हणजे शिव्या, आणि त्या फक्त आवडत्या माणसांना आणि वस्तूंना मिळतात. इथला उत्तम कुत्रा हा 'चोर' असतो आणि जिवाभावाचा मित्र 'हलकट'. लिंडसेची ती जुनी फोर-व्हील ड्राइव्ह त्याच्यासोबत वाळवंटातून, पुरातून आणि तीन दुष्काळांतून आली होती. म्हणून ती अवदसा. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. रोनवेनलाही कळत असणारच, असं लिंडसे धरून चालला होता.

'मला गाडी विकायची नाही' एवढं एक वाक्य त्याच वेळी बोलला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण वर्षभर रोज जिला भंगार म्हटलं, तिच्यासाठी आता गळा कोणत्या तोंडाने काढायचा? तो नुसता "बरं" म्हणाला.

त्याची सगळी भिस्त त्या थडथडीवर होती. असं थरथरणारं धूड कोण विकत घेईल? आणि त्या दुखण्याचं मूळ गावात त्याला एकट्यालाच माहीत होतं. कार्ब्युरेटरच्या मागे रबराची एक बारीक नळी जाते, तिला भेग पडली होती. भेगेतून इंजिन नको तेवढी हवा ओढायचं. रेस दिली की सुरळीत, उभी केली की धडधड. चार बोटं नळी बदलली की काम झालं. पण ती बदलली असती तर चहाबरोबर शिव्या कशाला घालायच्या? म्हणून त्याने भेग तशीच ठेवली होती.

शनिवारी सकाळी रोनवेनने त्याला गाडी धुवायला लावली. धुऊन झाल्यावर, इंजिन थडथडतंय ना याची खात्री करायला त्याने ती चालू केली आणि बॉनेट उघडलं. इथेच तो चुकला. टल्लाबीत उघड्या बॉनेटवरून सरळ पुढे जाणं म्हणजे मयत दिसूनही न थांबता निघून जाण्यासारखं समजतात. पाचव्या मिनिटाला क्लेम पेडरिकने आपला ट्रक थांबवला. कुंपणापलीकडून ऑसी आला. तिघांची डोकी बॉनेटखाली गेली.

"काय झालंय हिला?" क्लेमने विचारलं.

"काही नाही रे."

"काही नाही तर मग थरथरतेय कशाला? गिऱ्हाईक येणारंय ना आज? तिला काय असली दाखवणार?"

"दाखवू की. वय झालंय तिचं, गड्यांनो. माणसाचं नाही होत?"

"तुझं झालंय," ऑसी म्हणाला. "तिला काय धाड भरलीय?"

क्लेमने प्लग काढले, घासले, पुन्हा बसवले. थडथड कायम. ऑसीने एअर फिल्टर भिंतीवर आपटून पावशेर लाल माती काढली. थडथड कायम. लिंडसे वरवर हळहळत होता, पण मनात त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"जाऊ द्या," तो म्हणाला. "तुम्ही पुष्कळ केलंत."

"गप रे. हिचे चांगले पैसे मिळावेत म्हणून मरतोय आम्ही," असं म्हणून ऑसी घरी गेला आणि कार्ब्युरेटर साफ करायच्या फवाऱ्याचा डबा घेऊन आला. "ही कुठूनतरी वारा खातेय. एकेका नळीवर फवारत जायचं. भेगेवर पडला की आवाज बदलतो. लपून लपून लपणार कुठे?"

फवारा पुढच्या नळ्यांवरून सरकत कार्ब्युरेटरच्या मागच्या बाजूला येऊ लागला. आता काहीतरी करायलाच हवं होतं. "इकडे काही नाही, इकडे मी बघितलंय," असं म्हणत त्याने मागे हात घातला आणि नळी अंगठ्याखाली झाकली.

भेग बंद झाली. त्याबरोबर इंजिन दूध प्यायलेल्या मांजरासारखं घुरघुरायला लागलं.

ऑसीने फवारा खाली केला.

"हात हलवू नकोस," क्लेम हळूच म्हणाला.

"सापडलं की रे हलकटाला," ऑसीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "आम्ही तासभर झक मारतोय आणि याने नुसता अंगठा लावला."

अंगठा चटचट भाजत होता, पण काढायची सोय नव्हती. क्लेमने आपल्या ट्रकमधून जुन्या नळीचा तुकडा काढला, कापला आणि कौतुकाने बसवला. त्याच वेळी रोनवेन त्या बाईला घेऊन आली. गावात नवीनच आलेली जनावरांची डॉक्टर, हेटी नाव. तिला मातीच्या रस्त्यांवर फिरायचं होतं.

ती इंजिनाजवळ कान नेऊन उभी राहिली. "किती शांत चालते. हिच्यात काही दोष असेल तर आत्ताच सांगा हं."

ही शेवटची संधी होती. पण शेजारी दोन मित्र काळ्या हातांनी उभे होते, आणि गाडी बिचारी समोरच ऐकत उभी होती. त्या गाडीची खोटी बदनामी करायला लिंडसेची जीभ रेटेना.

"दोष नाही," तो म्हणाला. "हिने मला कधी रस्त्यात सोडलं नाही. हिच्यासारखी गाडी मिळायची नाही तुम्हाला."

रोनवेनने चमकून त्याच्याकडे पाहिलं. पण तोवर हेटी पर्स उघडत होती.

गाडी गेली. धूळ खाली बसली तरी दोघं फाटकाशी उभी होती.

"तू तिला चांगलं म्हणालास," रोनवेन म्हणाली.

"होतीच ती चांगली."

"मग वर्षभर काय बडबडत होतास? मी तुझं कधी ऐकत नाही म्हणतोस ना, म्हटलं एकदा तरी ऐकावं. मला कुठे विकायची होती? मी गाडी शिकले ती तिच्यावरच."

"मग बोलायचंस."

"तू बोलायचंस."

लिंडसेला फार वाईट वाटलं, आणि गाडीपेक्षाही जास्त वाईट याचं वाटलं की एवढी वर्षं संसार करूनही साधी एक गोष्ट त्याला बायकोला सांगता आली नव्हती. हेटीकडे जाऊन गाडी परत मागावी असंही त्याच्या मनात आलं. पण शब्द दिला होता, आणि टल्लाबीत दिलेला शब्द कोणी परत घेत नाही.

पुढच्या आठवड्यात लेकीने शहरातून एक छोटी पांढरी गाडी पाठवली. ती चालू आहे की बंद, हे समोरच्या तबकडीवरच्या काट्याकडे बघितल्याशिवाय कळत नसे.

सकाळी चहा झाला. खिडकीबाहेर ती पांढरी गाडी उभी होती. रोनवेन पावाला लोणी लावत रोजच्या शिवीची वाट बघत राहिली. शेवटी तिनेच विचारलं, "कशी आहे रे?"

लिंडसेने गाडीकडे पाहिलं. "चांगली आहे," तो म्हणाला. "काही तक्रार नाही."

रोनवेनने सुरी खाली ठेवली, उठून त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.