हरवलेल्या शेजाराची परिषद

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातल्या त्या रविवारी नऊ वाजता जुईनगरच्या सोसायटीच्या फाटकाशी मिनीबस येऊन उभी राहिली आणि साडेनऊपर्यंत तिच्यात ड्रायव्हरखेरीज कोणीही चढलं नाही. विलास दर मिनिटाला घड्याळ बघत होता. साडेदहाला बेलापूरच्या कॉलेजात मराठी शिकणाऱ्या परदेशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या वार्षिक परिषदेचं उद्घाटन होतं. बारा देशांचे बारा विद्यार्थी, आणि विषय विलासनेच सुचवलेला: 'नव्या शहरांत हरवलेला शेजार'. पहिला निबंधही तोच वाचणार होता. विलास तिथे हंगामी अधिव्याख्याता. संचालक श्यामसुंदर सरांनी बजावलं होतं, "परिषद नीट पार पडली तर कायमची ऑर्डर. नाहीतर जूनपासून दुसरीकडे बघा."

आदल्या दिवशी अतिथिगृहाचा पंप जळाला आणि विलासच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने, सुचित्राने, मात्र तासाभरात बाराही पाहुणे आपल्याच इमारतीतल्या बारा घरांत वाटून टाकले. "अहो, टेन्शन घेऊ नका. नऊला सगळे खाली."

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न वाजवला. विलास तणतणत पहिल्या मजल्यावर गेला. एक दार उघडंच होतं. जपानचा केन्जी पाटावर मांडी घालून पोह्यांच्या तिसऱ्या बशीशी झुंजत होता.

"चला, बस थांबलीय!" विलास ओरडला.

"तुमी कोन?" कमरेला पदर खोचलेल्या बाईंनी विचारलं.

"मी... त्या परिषदेचा."

"बसवालं व्हय? बसा. पावनं उपाशी धाडायची रीत न्हाई आमच्यात. तुमी बी घ्या."

नाही म्हणायची सोयच नव्हती. विलासने तोंड भाजत पोहे गिळले. केन्जी सुटला नाहीच, उलट त्याच्या बशीत आणखी एक डाव पडला.

दुसऱ्या मजल्यावर केनियाच्या वांजिरूला नऊवारी नेसवणं चाललं होतं. बघायला शेजारच्या इमारतीतूनही बायका आल्या होत्या. "अर्धवट कशी सोडू? काष्टा तरी घालू द्या!" तिथे विलासला चहा घ्यावा लागला. डेन्मार्कचा पोरगा यजमानांबरोबर दिवाळे गावच्या कोळीवाड्यात बोंबील आणायला गेला होता. उरलेले नऊ जण गच्चीवर सुचित्राच्या हाताखाली कुरडया घालत होते.

"सुचित्रा, माझी नोकरी!"

"अहो, चीक गार झाला तर सोऱ्यातून उतरणार नाही. दहाच मिनिटं."

त्या दहा मिनिटांत अकरा वाजले. खाली फियाट थांबली आणि खुद्द श्यामसुंदर सर उतरले. विलास धावत खाली गेला. तो सरांना घेऊन जिना चढतो तोच पोह्यांच्या बाई आडव्या आल्या.

"हे कोन?"

"आमचे साहेब."

"मंग असं उभं का ठिवलंय त्यास्नी?"

सर गच्चीवर पोचले ते हातात बशी घेऊनच. मागून त्या बाई, केन्जी आणि नऊवारीतली वांजिरू. सरांनी चौफेर पाहिलं. "तिकडे रिकाम्या खुर्च्यांना काय ऐकवायचं? वाचा इथेच."

कुरडयांच्या मधल्या फूटभर जागेत उभा राहून विलास घाईघाईने निबंध वाचू लागला. "नव्या शहरात माणूस शेजाऱ्याला ओळखतच नाही..."

वांजिरूने हात वर केला. "सर, या बाईंचं नाव काय?" तिने पोह्यांच्या बाईंकडे बोट दाखवलं.

तीन वर्षं विलास रोज याच बाईंच्या दारावरून जिना चढत होता. नाव विसरला म्हणावं, तर त्याने ते कधी विचारलंच नव्हतं. शरमेने त्याने कागदांत मान घातली.

"वेणूबाई," केन्जी उठून म्हणाला. "यजमान ज्योतिबा, मार्केटात कामाला. गाव सातारा. सून येत्या महिन्यात बाळंत होणार."

सरांनी वेणूबाईंना विचारलं, "आणि तुम्ही यांना ओळखता?"

"आत्ता वर आल्यावर कळलं, सुचित्राताईचं मालक ह्येच! मला वाटलं बसवालं."

सगळी गच्ची हसली. सरांनी बशी खाली ठेवली. "विलासराव, निबंध अगदी खरा आहे. फक्त अभ्यासाला माणूस एकच घेतलात. परिषद मात्र झकास. पुढच्या वर्षी इथेच भरवा. ऑर्डर उद्या न्या."

विलास काही बोलणार, तेवढ्यात वेणूबाईंनी त्याच्या हातात काठी दिली. "अवो बसवालं, आमी पावन्यांचं जेवन बघतो. तवर कावळं राखा."

आणि नुकताच कायम झालेला अधिव्याख्याता निबंधाचे कागद डोक्यावर धरून कुरडयांपाशी उन्हात बसला.