अकरा पानांची श्रद्धांजली

संगणकाच्या बाबतीत आपण अत्यंत सावध आहोत, असं जावई नेहमी सांगत असे. त्या दिवशी सकाळी नऊ वाजताही त्याने सासऱ्यांना तेच सांगितलं.

"बाबा, तास-दीड तास द्या. यापुढे वीज शंभर वेळा गेली, तरी तुमचं एक अक्षर हलणार नाही!"

सासरे निवृत्त हेड ड्राफ्ट्समन. नऊ वर्षांत त्यांनी जावयाच्या हाती साधी पट्टीही दिली नव्हती. पण आदल्या दिवशी वीज गेली आणि परत आल्यावर संगणक पाऊण तास नुसती डिस्क तपासत बसला. त्याच डिस्कवर त्यांनी जिवलग मित्राच्या शोकसभेसाठी लिहिलेलं भाषण होतं. सभा आज चारला.

"करा," ते म्हणाले. "पण भाषण तेवढं सांभाळा हं, जावईबापू."

बेत निर्दोष होता. डिस्कवरची फाइलींची मांडणी बदलायची. नवी मांडणी कोणताही बदल करण्याआधी 'आता हे करणार आहे' अशी नोंद ठेवते. मध्येच वीज गेली, तर ती नोंद वाचून घडी पुन्हा बसवते. मात्र ही मांडणी वाचायची विद्या संगणकाच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, शिकवावी लागते. कर्नल नव्याने बांधताना प्रश्न आला: विद्या गाभ्यातच घालू, की सुट्या फाइलीत ठेवू, लागेल तेव्हा उचलायला? जावयाने सुटी ठेवली. गाभ्याला उगाच बाळसं कशाला! मग त्याने सगळ्या फाइली नव्या मांडणीत हलवल्या, जुनी मांडणी पुसली आणि संगणक पुन्हा सुरू केला.

कर्नल जागा झाला. पडद्यावर एक ओळ उमटली: डिस्क वाचता येत नाही. पुढे काहीच नाही.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"डिस्क वाचायची विद्या त्याला सापडत नाहीये."

"कुठे ठेवलीस?"

जावयाने संगणकाच्या डब्याकडे बोट दाखवलं. "डिस्कवर."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेतलंत?"

"तसंच म्हणा, बाबा. पण आत सगळं सुखरूप आहे!"

"माझा मित्रही दवाखान्यात तीन दिवस सुखरूपच होता," सासरे म्हणाले आणि कपडे बदलायला आत गेले.

तीन वाजेपर्यंत जावयाने सर्व उपाय केले. जुना कर्नलही चालवून पाहिला; त्याला तर नव्या मांडणीचा गंधच नव्हता. शेवटी डिस्क उपसून, टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून तो ऑफिसात पळाला. तिथल्या मशीनच्या गाभ्यातच ती विद्या होती. भाषण उघडलं! एक अक्षर हललं नव्हतं. अकरा पानं छापून तो धापा टाकत सभागृहात शिरला, तेव्हा सव्वाचार झाले होते.

सासरे रिकाम्या हातांनी बोलत होते. "तो कधी उशिरा आला नाही. माझ्या चुका त्याने कुणाला सांगितल्या नाहीत. आता त्या मी कुणाकडून दाखवून घेऊ?"

एवढंच. सगळं सभागृह डोळे पुसत होतं. लोक उठू लागले.

इतक्यात जावयाने पानं पुढे केली. सासऱ्यांनी ती घेतली, कडा जुळवल्या आणि नऊ वर्षांत प्रथमच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग माइककडे वळले.

"बसा, बसा सगळे. लिहिलेलं आलं आहे. जावईबापूंनी मशीन दुरुस्त केलं."

लोक बसले. पाचवं पान उलटलं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या, दिवंगत मित्राच्या पत्नीने मान वळवली आणि जावयाला हलकेच विचारलं,

"दुरुस्त तुम्ही केलंत का?"