एका हंड्याचा रंग

अनोळखी म्हाताऱ्याने तुमची बाही चिमटीत धरून "शर्ट तीन उन्हाळ्यांचा, कॉलर यंदा बदललेली" असं सांगितलं, तर तुम्ही रागवाल की कॉलर लपवाल?

मी लपवली. व्यंकोबामामांची आणि माझी ती पहिली भेट. म्हैसुरात आमच्या शेजारी ते एकटेच राहतात. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवायचं काम चालायचं. धंदा बंद पडला, नजर तेवढी उरली. माझ्या पुण्याच्या बोलण्याला ते 'पेपरातली मराठी' म्हणतात. त्यांचं स्वतःचं प्रत्येक वाक्य "नोडी", म्हणजे 'बघा', इथून सुरू होतं आणि बहुतेक वेळा "रंग खोटं बोलत नाही" इथे संपतं.

एकदा इथल्या मराठी समाजाच्या सभागृहात त्यांचा सत्कार झाला. खांद्यावर शाल पडताच मामांनी तिची घडी उलटून पाहिली आणि माइकवरूनच जाहीर केलं की घडीवरचा रंग उडालाय, ही आधी दोघांना तरी घालून झालीय. अध्यक्ष खोकत राहिले. समाजाच्या कारभारावर मी काढतो तसल्या दहा पत्रकांना जे जमलं नसतं, ते त्या एका घडीने केलं. माणूस मला तिथेच आवडला.

पण मामांचा खरा जीव पक्ष्यांच्या वयात. जवळच्या तळ्यावर कॅमेरेवाले पक्ष्याचं नाव विचारतात. मामा विचारतात, वय किती? त्यांनीच मला शिकवलं. "नोडी पोरा, यंदाच्या पिल्लाची सगळी पिसं एका हंड्यात रंगवलेली. सारखी. मोठ्या पक्ष्याची काही उन्हाने विटलेली, मधे काही नवी कोरी. दोन हंडे दिसले की समज, वर्ष उलटलं."

गेल्या वर्षी ब्राह्मणी घारीचं एक तपकिरी पिल्लू पतंगाच्या मांजात अडकलेलं त्यांना तळ्याकाठी सापडलं. डाव्या पायाचं एक बोट गेलं होतं. पक्षी वाचवणाऱ्यांनी ते बरं करून तिथेच सोडलं. तेव्हापासून मामा रोज सकाळी तळ्यावर. ते जगलं का, एवढंच त्यांना हवंय.

परवा नारळावर एक तपकिरी घार बसली होती. पाय झावळीत लपलेले. मामांनी बराच वेळ पाहून दुर्बीण माझ्याकडे दिली.

"आपलीच. वर्ष झालं तिला. नोडी, पंखात दोन हंडे."

मी पाहिलं. एकही पीस विटलेलं नव्हतं. यंदाचंच पिल्लू. आता, समोरच्याची चूक दाखवल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. तोंड उघडणार, तेवढ्यात लक्षात आलं की मामांनी या वेळी "रंग खोटं बोलत नाही" असं म्हटलंच नव्हतं.

"दोन हंडे," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडून दुर्बीण परत घेतली. मग म्हणाले, "उद्या लवकर येऊ. पाय दिसतील."

आमची घार अजून सापडायची आहे, म्हणून तुम्हाला ही विनंती. पतंग साध्या दोऱ्याने उडवा. आणि म्हैसूरजवळ टी. नरसीपूरच्या संगमावर, एच. डी. कोट्याकडच्या पाण्याकाठी किंवा आणखी कुठे, डोकं पांढरं होत चाललेली, पंखात विटकी आणि नवी पिसं असलेली घार दिसली, तर तिच्या डाव्या पायाकडे बघा. एक बोट कमी असेल तर मला कळवा. रंग तेवढे नीट सांगा. वय मामा सांगतील.