बांबूचं शिक्षण

मोबाईलवरच्या बास्केटबॉलमध्ये आपल्याएवढं कुणाला कळत नाही, याबद्दल डॉक्टरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. डॉक्टर दातांचे. खऱ्या चेंडूशी त्यांचा शेवटचा संबंध शाळेत आला, तोही नाकावाटे. पण या खेळात पळायचं नसतं. आपण संघ बांधायचा, पोरं तयार करायची. सामना मोबाईलच खेळवतो आणि काय घडलं ते ओळीओळीने लिहून दाखवतो.

त्यांच्या संघात एक ताडमाड पोरगा आला. डॉक्टरांनी त्याचं नाव बांबू ठेवलं. अशा पोराला बास्केटखाली उभं करायचं, हे कुणीही सांगेल. पण डॉक्टर म्हणजे 'कुणीही' नव्हते.

"याला मी पास द्यायला शिकवणार," त्यांनी बायकोला सांगितलं. "उंच असून शिवाय पास देणारा. असा पोरगा दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही."

"भाजीत मीठ कमी आहे का?" बायको म्हणाली.

खेळाचा नियम असा, की पोरगं ज्या जागी खेळेल त्याच जागेचं शिक्षण त्याला मिळतं. म्हणून अख्खा मोसम बांबू बास्केटपासून लांब, चेंडू वाटत फिरला आणि संघ मार खात राहिला. डॉक्टर खुशीत होते. शिकवणी लावलीच आहे तर बाकीच्यांनीही बसावं, म्हणून सगळ्या संघाला त्यांनी आळीपाळीने पासच शिकवले.

मोबाईलवरच्या त्याच लीगमध्ये सासऱ्यांचाही संघ होता. निवृत्त पी.टी. शिक्षक. शेकडो पोरं त्यांनी पळवली, जावयाच्या पोटापुढे मात्र हात टेकले होते. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात दोघांची गाठ पडली.

"जावईबापू, हरलात तर रोज सकाळी माझ्याबरोबर पळायला यायचं."

"आणि जिंकलो तर?"

"तुमच्या पोटाबद्दल पुन्हा अवाक्षर काढणार नाही."

"मग बाबा, काय बोलायचं ते आजच बोलून घ्या."

सामना ऐन दवाखान्याच्या वेळेत आला. खुर्चीत एक वकीलसाहेब आ वासून पडले होते. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात कापूस कोंबला आणि मोबाईल उघडला. शिक्षण पुरं झालं म्हणून आज बांबू बास्केटखाली होता.

"बांबूचा सुरेख पास," पहिली ओळ उमटली.

"बघा," डॉक्टर म्हणाले. वकीलसाहेबांना दुसरं काही करता येत नव्हतं.

ज्याला पास मिळाला त्याने तो तितक्याच सुरेखपणे तिसऱ्याला दिला. तिसऱ्याने पुन्हा बांबूला. दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करणाऱ्या पाहुण्यांसारखं त्यांचं चाललं होतं. चेंडू बास्केटमध्ये घालायचं कुणी मनावरच घेईना, कारण ते कुणाला शिकवलंच नव्हतं.

"अरे टाक की मेल्या!" डॉक्टर ओरडले. वकीलसाहेबांनी घाबरून कापूस टाकला.

सासऱ्यांनी सामना खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी मैदानाची अर्धी फेरी होते न होते तोच डॉक्टरांनी कठडा धरला. वळून बघतात तर सासरे त्यांच्याही मागे, बाकावर बसून धापा टाकताहेत.

"बाबा, तुम्ही तर रोज पळता ना?"

"पळायचो. मोसम सुरू झाल्यापासून इथे बसून संघच लावतो. घरी बोलू नका."

"मग मला कशाला ओढलंत?"

"एकट्याला कंटाळा येतो हो."

सासऱ्यांबद्दल इतकं प्रेम डॉक्टरांना लग्नानंतर प्रथमच वाटलं. दोघं शेजारीशेजारी बसून मोबाईलवर नवी पोरं निवडू लागले. निघताना डॉक्टरांनी पुढाकार घेऊन मैदानातल्या नळावर दोघांचे शर्ट भिजवले. "पाठीवर जास्त, काखेत बेताचं," ते म्हणाले. यातही त्यांना कळत होतं.

बायको दारातच होती. तिने आधी वडिलांची, मग नवऱ्याची पाठ चाचपली आणि तिचे डोळे भरून आले.

"एवढे पळालात? मलाही लाज वाटायला लागली बघा. उद्यापासून मीही येते. आणि ते मोबाईल घरीच ठेवा, पळताना खिशात उगाच जड होतात."