दाऊदभाईंचा चिनी काढा

दाऊदभाई बायकोचं कुठलंही नवं औषध आधी स्वतः पितात आणि डोळे मिटून खुर्चीत बसतात. "काय होतंय ते बघू दे," म्हणतात. दुखणं बायकोचं, चाचणी यांच्यावर!

सौदीतल्या अल खर्जला ते आमचे शेजारी. मूळचे रत्नागिरीकडचे, डेअरीत कूलिंगचे मेकॅनिक. झुबेदाभाभींना आमवात. गेल्या वर्षी बोटं इतकी सुजली की पेला धरवेना. हॉस्पिटलच्या गोळ्या सुरू होत्याच, पण भाईंना धीर कुठला! डेअरीत मशीन बसवायला आलेल्या चिनी इंजिनिअरकडून त्यांनी काढ्याचं ऐकलं आणि रियाधच्या एका चिनी वैद्याकडून मुळ्या-सालींचे पुडे आणले. पहिल्याच उकळीला जिन्यात असा वास सुटला की तळमजल्यावरचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा शेजारी, गॅस गळतोय म्हणून धावत वर आला.

"वहिनी, हजारो वर्षांचं औषध आहे!" भाई मला बजावत.

"तेव्हाच उकळून ठेवलेलं दिसतंय," भाभी आतून म्हणाल्या.

मी हट्टच धरला, तेव्हा कुठे त्यांनी पुडे डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी एक मुळी बाजूला काढली. ही लिव्हरला घातक. बाकीचं चालेल, पण गोळ्या थांबवायच्या नाहीत, आणि भाभींचं रक्त नियमित तपासायचं.

"खलास!" म्हणत भाईंनी ती मुळी तिथेच कचऱ्यात टाकली. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझंपण रक्त तपासा. आधी मीच पितो."

हळूहळू सूज उतरली. गुण कशाचा, यावर घरात रोज वाद. शेवटी भाभींनीच निकाल दिला, "गोळ्या डॉक्टरांच्या, काढा चीनचा, आणि बढाई दाऊदमियांची!"

परवा सकाळी दारावर थापा. "वहिनी, जिंकलो! यल्ला, बघायला चला!"

भाभी आरशासमोर उभ्या होत्या. स्वतःची वेणी स्वतःच्या हातांनी घातलेली, अगदी टोकापर्यंत. त्यांनी माझ्यासमोर मूठ मिटून दाखवली, उघडून दाखवली, आणि आम्ही दोघी हसता हसता रडलो. भाईंनी अख्ख्या बिल्डिंगला खजूर वाटले. मिसरीला तर दोनदा.

मग आमच्याकडे चहाला टेकले, पण कप तोंडाला लावेनात.

"काय झालं, भाई?"

"वर्षभर तिची वेणी मीच घालत होतो. मोबाईलवर बघून शिकलो. तेवढ्या वेळात ती सगळं बोलायची. माहेरचं, मनातलं." चहा ढवळत म्हणाले, "आता काय, तिची ती घालेल."

तेवढ्यात आमची लेक केस पिंजारलेले घेऊन बाहेर आली. "मम्मा, स्कूल को लेट हो रहा है!"

भाईंनी कप खाली ठेवला आणि खुर्ची सरकवली.

"ये बाय, बस इथे. एक घालू की दोन? आणि काल शाळेत काय काय झालं, ते सांग बघू."